मूत्र आणि मूत्रपिंड : एका अवयवाच्या आकलनाचा इतिहास (विशेष संदर्भ – मालवण किनारा)

१. प्रस्तावना

मराठी भाषेने हृदय आणि काळीज या अवयवांना भावजीवनात मानाचे स्थान दिले. मूत्रपिंडाला ते लाभले नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, उदरपोकळीच्या मागील भागात दडलेला हा अवयव दिसत नाही, त्याची धडधड जाणवत नाही आणि बहुतेक वेळा तो दुखतही नाही. त्याच्या अस्तित्वाची एकच खूण सामान्य माणसाला ठाऊक असते, ती म्हणजे मूत्र. त्यामुळे लघवी होत असेल तर मूत्रपिंड ठीक आहे, असा समज जगभर दृढ झाला आणि आजही तो पूर्णपणे गेलेला नाही.

वस्तुतः मूत्र बाहेर पडणे आणि मूत्रपिंडाचे कार्य सुरळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्रपिंडाविषयीच्या ज्ञानाचा दोन सहस्रकांचा इतिहास हा या दोन गोष्टींमधील फरक हळूहळू उमजत जाण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येते. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेऊन, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्याच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे. खारे पाणी, मुसळधार पाऊस, भातशेती आणि विषारी साप यांच्या सान्निध्यात जगणाऱ्या या किनाऱ्याने मूत्रपिंडाचे कार्य ग्रंथांतून कमी आणि आजारांतून अधिक जाणले आहे. म्हणून या अवयवाचा इतिहास येथील पाण्याचा, श्रमाचा आणि रुग्णालयापर्यंतच्या अंतराचाही इतिहास ठरतो.

२. शब्द आणि संकल्पना

या अवयवासाठी मराठीत तीन शब्द वापरात आहेत. ‘वृक्क’ हा संस्कृतातून आलेला शब्द शास्त्रीय लेखनात व पाठ्यपुस्तकांत आढळतो. ‘गुर्दा’ हा फारसी वळणाचा शब्द प्रामुख्याने मटणाच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात टिकून आहे. ‘मूत्रपिंड’ हा शब्द लिखित मराठीत सर्वाधिक रुळलेला आहे. दवाखान्यात मात्र रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘किडनी’ असेच म्हणतात.

या तीन शब्दांमागे तीन दृष्टी आहेत. ‘मूत्रपिंड’ या शब्दाने अवयवाची ओळख त्याच्या एकाच उत्पादनाशी बांधून टाकली. ‘वृक्क’ या शब्दात मूत्राचा उल्लेख नाही आणि ही बाब केवळ योगायोगाची नाही. प्राचीन आयुर्वेदीय संहितांमध्ये वृक्कांची गणना आहे. परंतु मूत्रनिर्मितीचे काम त्यांच्याकडे सोपविलेले नाही. सुश्रुतसंहितेने वृक्कांची उत्पत्ती रक्त आणि मेद यांच्या सारभागापासून मानली आहे आणि त्यांचा संबंध मेदोवह स्रोतसाशी जोडला आहे. मूत्राचे विवेचन पक्वाशय आणि बस्ती यांच्या अनुषंगाने येते. तोंडापर्यंत पाण्यात बुडविलेला नवा मातीचा घडा ज्याप्रमाणे आपल्या बाजूंतून पाझरणाऱ्या पाण्याने भरतो, त्याप्रमाणे असंख्य सूक्ष्म मुखांतून बस्ती मूत्राने भरते, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेत आला आहे.

आजच्या शरीरक्रियाशास्त्राच्या निकषावर हे वर्णन स्थानाच्या दृष्टीने चुकीचे ठरते. तथापि, सूक्ष्म छिद्रांतून द्रव पाझरणे ही कल्पना मात्र लक्षणीय आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात मूत्रनिर्मितीचा जो सिद्धान्त मांडला गेला, त्याच्या मुळाशीही गाळले जाणे हीच प्रक्रिया होती. शिवाय, मूत्राच्या परीक्षणातून सर्व शरीराची अवस्था ओळखण्याची दृष्टी आयुर्वेदात विकसित झाली होती. प्रमेहाचे वीस प्रकार आणि त्यांतील मधुमेह हे त्याचे उदाहरण होय. अश्मरी म्हणजे मुतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्णनही सुश्रुताने केले आहे. सारांश, मूत्राचे ज्ञान प्रगत होते. मूत्र निर्माण करणाऱ्या अवयवाचे ज्ञान त्याच्याशी जोडले गेले नव्हते.

३. रचनेचा शोध

ग्रीक परंपरेतही स्थिती फारशी वेगळी नव्हती. ॲरिस्टॉटलने मूत्रपिंडांना दुय्यम स्थान दिले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेनने जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या बांधून दाखविल्या. गाठीच्या वरचा भाग फुगला आणि मूत्राशय रिकामे राहिले. मूत्र मूत्रपिंडातून येते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. परंतु मूत्रपिंडात ते कसे तयार होते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी दीड हजार वर्षे लागली.

सतराव्या शतकात इटलीमध्ये या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले. १६६२ मध्ये लोरेन्झो बेलिनी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मूत्रपिंड हे एकसंध मांसल गोळा नसून सूक्ष्म नलिकांचा समूह आहे, हे दाखवून दिले. १६६६ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी याने रोहिणीतून रंगीत द्रव सोडून सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंड पाहिले आणि रक्तवाहिन्यांच्या टोकांना फळांप्रमाणे लगडलेले बारीक गोलक त्याला दिसले.

नेमक्या याच काळात मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम चालू होते. नोव्हेंबर १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये काम पूर्ण झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु त्यांची समकालीनता एका समान प्रश्नाकडे लक्ष वेधते. चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर माणसे राहू शकली, कारण तेथे गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही त्यांची नावेच त्या पाण्याचे मोल सांगतात. खाऱ्या परिसरात गोडे पाणी राखणे हा किल्ल्याच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. शरीरातील पाणी आणि क्षार यांचे प्रमाण राखणे हा मूत्रपिंडाच्या कार्याचा गाभा आहे, हे मात्र सतराव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञांना अद्याप उमगलेले नव्हते.

माल्पिगीचे गोलक आणि बेलिनीच्या नलिका यांचा सांधा १८४२ मध्ये जुळला. लंडनमध्ये विल्यम बोमन या तरुण शल्यविशारदाने रक्तकेशिकांचा प्रत्येक गुच्छ एका पातळ आवरणात बसलेला असतो आणि तेच आवरण पुढे नलिकेत रूपांतरित होते, हे सिद्ध केले. हे आवरण आज ‘बोमन संपुट’ या नावाने पाठ्यपुस्तकांत येते. त्याच वर्षी पणजी येथे पोर्तुगीज राजवटीने वैद्यकीय शाळा स्थापन केली आणि तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मालवण किनाऱ्याच्या उत्तरेस आणि दक्षिणेस आधुनिक वैद्यकाची ही दोन केंद्रे उभी राहिली. परंतु त्यांच्यामधील किनारपट्टी दीर्घकाळ दोहोंपासून दूर राहिली. या भौगोलिक वस्तुस्थितीचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

आज ज्ञात असलेली रचना थोडक्यात अशी सांगता येते. प्रौढ व्यक्तीचे प्रत्येक मूत्रपिंड सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब असून त्याचे वजन साधारणतः १२० ते १५० ग्रॅम असते. यकृतामुळे उजवे मूत्रपिंड किंचित खाली असते. बाहेरील भागास बाह्यक आणि आतील भागास मध्यांग म्हणतात. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. केशिकागुच्छ, बोमन संपुट आणि वळणावळणांची दीर्घ नलिका मिळून एक नेफ्रॉन बनतो. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. जे नष्ट होतात, त्यांचे काम उरलेल्यांना करावे लागते.

४. कार्याचा शोध

१८४२ मध्येच जर्मनीतील कार्ल लुडविग याने मूत्रनिर्मितीचा भौतिक सिद्धान्त मांडला. केशिकागुच्छातील रक्ताच्या दाबामुळे पाणी व विद्राव्य पदार्थ गाळले जातात आणि पुढे नलिकेत त्यांतील बराच भाग परत शोषला जातो, असे त्याचे प्रतिपादन होते. रुडॉल्फ हायडेनहाइन याने त्यास विरोध केला आणि नलिकेच्या पेशी स्वतः मूत्र स्रवतात असे मत मांडले. हा वाद सुमारे आठ दशके चालला. १९२४ मध्ये अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्‌स यांनी बेडकाच्या एका बोमन संपुटात अतिसूक्ष्म काचनळी घालून तेथील द्रव काढला व तपासला. त्या द्रवात प्रथिने नव्हती. परंतु शेवटच्या मूत्रात न आढळणारी शर्करा मात्र होती. म्हणजेच आधी गाळले जाते आणि नंतर उपयुक्त पदार्थ परत घेतले जातात, हे प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाले. हायडेनहाइनही सर्वस्वी चुकला नव्हता. काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडांत केशिकागुच्छच नसतात, तरीही त्यांच्यात मूत्र तयार होते. त्यामुळे नलिकेची स्रवण्याची क्षमताही मान्य झाली.

या संशोधनातून पुढे आलेले आकडे मूत्रपिंडाविषयीची जुनी धारणा बदलण्यास पुरेसे आहेत. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त मूत्रपिंडांकडे जाते. चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यांपैकी केवळ एक ते दीड लिटर मूत्र म्हणून बाहेर पडतो. गाळल्या गेलेल्या द्रवात दररोज सुमारे दीड किलो मीठ असते. त्यातील बहुतांश परत घेतले जाते आणि आहारातून आलेले काही ग्रॅमच बाहेर टाकले जाते. मूत्रपिंड जे बाहेर टाकते त्यापेक्षा जे राखून ठेवते ते शंभर पटींहून अधिक आहे. म्हणून मूत्र हा त्याच्या कार्याचा शेष होय.

याशिवाय रक्तदाबाचे नियमन करणारे रेनिन, तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन आणि हाडांसाठी आवश्यक अशा ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप यांचा उगम मूत्रपिंडात आहे. रेनिनचा शोध १८९८ मध्ये लागला. ‘ड’ जीवनसत्त्वातील मूत्रपिंडाचा वाटा १९७० च्या सुमारास स्पष्ट झाला. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास रक्तक्षय का होतो आणि त्याची हाडे का दुखतात, याचे उत्तर केवळ गाळणीच्या कल्पनेतून मिळू शकत नाही.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ याने १९५३ च्या आपल्या ग्रंथात मूत्रपिंडाची उत्क्रांती माशापासून माणसापर्यंत उलगडून दाखविली. मालवण किनाऱ्याला ही मांडणी परकी वाटू नये. बांगडा किंवा सुरमई यांच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारा असतो. त्यामुळे त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते समुद्राचे पाणी पितात आणि जादा मीठ प्रामुख्याने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. मोरी म्हणजे शार्क माशाने वेगळा मार्ग पत्करला आहे. त्याचे मूत्रपिंड युरिया बाहेर न टाकता रक्तात राखून ठेवते आणि त्यामुळे शरीरातील द्रवाची तीव्रता समुद्राच्या बरोबरीची राहते. मोरी शिळी झाली की तिला अमोनियाचा उग्र दर्प येतो, हे किनाऱ्यावरील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. साठविलेल्या युरियाचे जीवाणूंकडून होणारे विघटन हे त्याचे कारण होय.

माणसाजवळ कल्ले नाहीत आणि युरिया साठविण्याची सोयही नाही. मानवी मूत्रपिंड मूत्र पुष्कळ घट्ट करू शकते; परंतु समुद्राच्या पाण्यातील मीठ ज्या प्रमाणात असते, त्या प्रमाणात ते मूत्रातून बाहेर टाकू शकत नाही. समुद्राचे पाणी प्यायल्यास मिळालेल्या पाण्यापेक्षा अधिक पाणी मीठ बाहेर टाकण्यासाठी खर्च होते. म्हणून अथांग पाण्यावर जाणाऱ्या मच्छीमारास पिण्याचे पाणी किनाऱ्यावरून न्यावे लागते. त्याच्या होडीतील गोडे पाणी हे त्याच्या मूत्रपिंडाच्या मर्यादेचे माप आहे.

५. मालवण किनारा आणि मूत्रपिंडावरील आघात

वरील ज्ञान प्रयोगशाळांमध्ये आकार घेत असताना मालवण किनाऱ्यावरील लोकांचा मूत्रपिंडाशी परिचय निराळ्या वाटेने होत होता. या परिचयाचे चार टप्पे नोंदविता येतात.

पहिला, सर्पदंश. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. फुरसे या लहान परंतु अत्यंत विषारी सापासाठी हा जिल्हा ब्रिटिश काळापासून प्रसिद्ध होता. सरकारने मारलेल्या सापांसाठी बक्षीस लावले, तेव्हा डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेल्याची नोंद आहे. शासनाने या प्रश्नाकडे सापांच्या संख्येचा प्रश्न म्हणून पाहिले. दंशानंतर शरीरात काय होते, हा प्रश्न त्या काळात मागेच राहिला.

फुरसे आणि घोणस यांचे विष रक्ताच्या गोठण्याच्या प्रक्रियेवर आघात करते. गोठण्यास लागणारे घटक संपून जातात आणि हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागते. त्याच वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या निर्माण होऊन आणि रक्तदाब घटून केशिकागुच्छ व नलिका यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दंशाची जागा लहान असते आणि पहिल्या काही तासांत रुग्ण चालत-बोलत असतो. मूत्रपिंड निकामी झाल्याचे स्पष्ट होण्यास एक-दोन दिवस लागू शकतात. तोपर्यंत गावठी उपचारांत वेळ गेलेला असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध आहे आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा राहिला आहे. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते की नाही, एवढे पाहिले तरी विषबाधेचा अंदाज येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येणारी ही साधी चाचणी मूत्रपिंड वाचविण्याच्या दृष्टीने मोलाची आहे.

दुसरा टप्पा लेप्टोस्पायरोसिसचा. १८८६ मध्ये जर्मन वैद्य ॲडॉल्फ वाइल याने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा दाह एकत्र दिसणाऱ्या आजाराचे वर्णन केले. १९०७ मध्ये अमेरिकेत स्टिम्सन याला पीतज्वराने मृत्यू झाला असे समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या नलिकांत मळसूत्री आकाराचे जीवाणू दिसले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानी संशोधकांनी या आजाराचे कारण निश्चित केले आणि उंदीर हा त्याचा वाहक असल्याचे दाखवून दिले. हा जीवाणू उंदराच्या मूत्रपिंडातील नलिकांत त्याला फारशी इजा न करता राहतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. पावसाळ्यात भातखाचरांत साचलेल्या पाण्यात तो टिकून राहतो. चिखलणी करणाऱ्या, तरवा काढणाऱ्या आणि लावणी करणाऱ्या माणसांच्या पायांवरील चिरांतून तो शरीरात शिरतो. एका प्राण्याच्या मूत्रपिंडातून निघून दुसऱ्याच्या मूत्रपिंडात पोहोचणारा हा आजार आहे.

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर या आजाराची चर्चा राज्यभर झाली. सिंधुदुर्गात तो शेतीचा आजार म्हणून ओळखला जातो आणि ‘लेप्टो’ हा शब्द गावोगावी रूढ झाला आहे. शेतीच्या हंगामात आरोग्य विभागाकडून डॉक्सीसायक्लीनच्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या आजाराचे एक वैशिष्ट्य अत्यंत महत्त्वाचे आहे. लेप्टोमध्ये जीवाणू प्रामुख्याने नलिका आणि त्यांच्या सभोवतालच्या ऊतीवर आघात करतात. गाळलेले पाणी व क्षार परत घेण्याची क्षमता घटते. परिणामी अनेक रुग्णांमध्ये मूत्रपिंड निकामी होत असतानाही लघवीचे प्रमाण कमी होत नाही. काही वेळा ते वाढतेही. लघवी होत आहे म्हणून घरी थांबलेला रुग्ण अशा वेळी सर्वाधिक धोक्यात असतो. शरीरक्रियाशास्त्रातील एक सूक्ष्म भेद येथे जीवन-मरणाचा प्रश्न बनतो.

तिसरा टप्पा पाण्याच्या तुटवड्याचा. विपुल पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने निचरा होते आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचा तळ दिसू लागतो. उन्हाळ्यातील दमट हवेत घाम पुष्कळ जातो. पाणी कमी पडल्यास मूत्र घट्ट होते आणि त्यातील क्षारांचे स्फटिक बनून मुतखड्याचा संभव वाढतो. उकड्या तांदळाची मिठाची कणी घातलेली पेज पिऊन शेतावर जाण्याची जुनी रीत पाणी आणि मीठ दोन्ही पुरविणारी होती. त्याउलट, अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात घेतल्यास मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह आणखी घटतो. सिंधुदुर्गच्या दक्षिणेस, गोव्यातील काणकोण तालुक्यात मधुमेह वा उच्च रक्तदाब नसलेल्या व्यक्तींमध्येही दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणात आढळला आहे. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग आणि मध्य अमेरिकेतील ऊसपट्टा येथेही हेच चित्र आहे. उष्णता, श्रम, पिण्याचे पाणी आणि शेतीतील रसायने यांचा परस्परसंबंध या सर्व ठिकाणी तपासला जात आहे.

चौथा टप्पा मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची ही जगभरातील दोन प्रमुख कारणे होत. या टप्प्याचा वैचारिक पाया १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट याने घातला. सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविली असता ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्याप्रमाणे साकळते, म्हणजे तिच्यात प्रथिन असते, आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे शवविच्छेदनात विकृत आढळतात, हे त्याने दाखविले. लघवी होते की नाही यापेक्षा लघवीतून काय जाते, हा प्रश्न त्याने मध्यवर्ती केला. आजची लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी ही याच विचाराची परिणती आहे. रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण मात्र मूत्रपिंडाची निम्मी क्षमता जाईपर्यंत सामान्य मर्यादेत राहू शकते. खारवलेली मासळी, लोणची आणि पापड यांचे प्रमाण अधिक असलेल्या किनारी आहारात रक्तदाबाची नियमित तपासणी का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

६. उपचाराचा प्रवास आणि अंतराचा प्रश्न

मूत्रपिंडाचे कार्य यंत्राकडे सोपविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न नेदरलँड्‌समधील कांपेन गावी विलेम कोल्फ याने केला. जर्मन ताब्यातील त्या देशात, १९४३ मध्ये, सॉसेज बनविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून त्याने कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. १९६० मध्ये अमेरिकेत स्क्रिब्नर याने रक्तवाहिन्यांना कायमस्वरूपी जोडणी देण्याची पद्धत विकसित केल्यावर दीर्घकालीन डायलिसिस शक्य झाले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे याने एकरूप जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले.

भारतातील पहिला प्रत्यारोपणाचा प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला, परंतु रुग्ण फार दिवस जगू शकला नाही. जिवंत दात्याकडून केलेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. १९२६ मध्ये परळ येथे सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय गिरणगावाच्या मध्यभागी होते. त्या गिरण्यांतील कामगारांत कोकणातील, विशेषतः मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांतील माणसे मोठ्या संख्येने होती. त्यामुळे गावाकडील गंभीर रुग्णास मुंबईतील नातेवाइकाच्या खोलीवर नेऊन परळला दाखविणे हा या कुटुंबांचा परिपाठ बनला. एकेकाळी बोटीने, पुढे एस. टी.ने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने हा प्रवास होत राहिला.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो प्रथम ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा यांचा समावेश होता. कायद्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली आणि मूत्रपिंडांच्या विक्रीस बंदी घातली. दान करणारी व्यक्ती एका मूत्रपिंडावर आयुष्य काढू शकते, ही शरीरक्रियाशास्त्रीय वस्तुस्थिती या व्यवस्थेचा आधार आहे. तीच वस्तुस्थिती गरिबाच्या शरीराच्या व्यापाराचेही निमित्त ठरली होती.

डायलिसिसचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नव्हता. साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालणारा हा उपचार रुग्णाच्या घराजवळ असावा लागतो. मालवण वा देवगडच्या रुग्णास मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. गोव्यातील बांबोळीचे शासकीय महाविद्यालय, म्हणजे १८४२ च्या त्या वैद्यकीय शाळेचेच पुढील रूप, हे सिंधुदुर्गचे दीर्घकाळ जवळचे मोठे रुग्णालय राहिले. जानेवारी २०१८ मध्ये तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणण्याचे धोरण स्वीकारले आणि ओरोस येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तथापि, महिन्याला बारा वेळा रुग्णालयात जावे लागणाऱ्या मजुराचा बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्या माणसाचे भाडे हे कोणत्याही योजनेच्या हिशेबात पूर्णपणे धरले जात नाही. डायलिसिस दहा लाख नेफ्रॉनांच्या कामाचा काही अंशच करते. टाकाऊ पदार्थ आणि जादा पाणी ते काढून घेते. राखून ठेवण्याचे सूक्ष्म काम त्याच्याने होत नाही.

७. निष्कर्ष

मूत्रपिंडाच्या आकलनाचा इतिहास तीन पायऱ्यांत मांडता येतो. मूत्र कोठून येते, हा पहिला प्रश्न होता आणि गॅलेनने त्याचे उत्तर दिले. मूत्र कसे तयार होते, हा दुसरा प्रश्न होता आणि बेलिनीपासून रिचर्ड्‌सपर्यंतच्या संशोधकांनी तो सोडविला. मूत्र तयार होताना काय राखले जाते, हा तिसरा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला आणि त्यातून मूत्रपिंड हे शरीरातील पाणी व क्षार यांचे राखणदार आहे, ही जाणीव स्थिर झाली. विज्ञानाने ही तिसरी पायरी गाठली असली, तरी समाजाचा व्यवहार बव्हंशी पहिल्याच पायरीवर आहे.

मालवण किनाऱ्यावर या अंतराची किंमत मोजावी लागते. लेप्टोचा रुग्ण लघवी होत असल्यामुळे दवाखान्यात उशिरा येतो. फुरसे चावलेला माणूस चालत-बोलत असल्यामुळे घरी ठेवला जातो. मधुमेही व्यक्ती काही दुखत नाही म्हणून अल्ब्युमिनची तपासणी करून घेत नाही. तिन्ही ठिकाणी दिसणाऱ्या खुणेवर विश्वास ठेवला जातो आणि न दिसणारे कार्य ढासळत राहते. डायलिसिस केंद्रांची संख्या वाढविणे आवश्यक आहेच. परंतु तो या साखळीचा शेवटचा दुवा आहे. शेतातील चिरलेल्या पायांस संरक्षण, कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष व साध्या चाचण्या आणि शालेय तसेच महाविद्यालयीन अध्यापनात मूत्रपिंडाच्या कार्याची योग्य मांडणी हे त्याच्या आधीचे दुवे होत. उत्सर्जनसंस्थेचा धडा शिकविताना ‘मूत्र तयार करणारा अवयव’ या व्याख्येच्या पुढे जाऊन, दीड किलो मीठ गाळून जवळजवळ सर्व परत घेणारा अवयव म्हणून मूत्रपिंडाची ओळख करून दिल्यास, लावणीच्या हंगामात ताप आलेल्या पालकास लघवी होत असतानाही दवाखान्यात का न्यावे, हे त्याच वर्गातील विद्यार्थ्याला सांगता येईल.